नवे नेवाड न काढता घर चालेल का? उताराच्या जमिनीतील आंतरपिकाविषयी

धडगाव तालुक्यातील एका तरुण शेतकऱ्याने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. घरची साडेतीन एकर वनपट्ट्याची जमीन उताराची आहे. गेली अनेक वर्षे तिच्यात केवळ संकरित मका घेतला जातो आणि खताची मात्रा वाढवूनही उत्पन्न घटत चालले आहे. गावातील काही घरे पट्ट्याच्या वरच्या अंगाची झाडे तोडून जमीन वाढवत आहेत (यालाच नेवाड काढणे म्हणतात) आणि आपणही तेच करावे असा वडिलांचा आग्रह आहे. आंतरपीक घेतल्यास जंगल तोडावे लागत नाही, असे शिबिरांमध्ये सांगितले जाते. ते कितपत खरे आहे आणि खरे असल्यास नेमके काय पेरावे, असे त्यांनी विचारले आहे.

खानदेशातील कोरडवाहू शेतीत अनेक वर्षे काम केल्यानंतर माझे उत्तर असे आहे की, हे विधान खरे आहे, पण काही अटींवर. दोन पिके शेजारी लावली म्हणून जंगल आपोआप वाचत नाही. शेतकरी झाडे कशासाठी तोडतो हे आधी पाहावे लागते. सातपुड्यात नेवाड काढणाऱ्या घराला त्यातून तीन गोष्टी मिळतात: पालापाचोळ्याने कसदार झालेली माती, चुलीसाठी जळण आणि गुरांसाठी चारा. या तिन्ही गोष्टी आहे त्याच शेतातून मिळू लागल्या, तरच वरच्या अंगाला कुऱ्हाड नेण्याची गरज कमी होते. त्यामुळे आंतरपिकाची निवड केवळ बाजारभाव पाहून करू नये.

प्रथम मातीचा विचार करू. जंगल तोडून काढलेल्या जमिनीत पहिली दोन-तीन वर्षे पीक जोमदार येते, कारण झाडांनी अनेक वर्षे साठवलेला कस पीक वापरत असते. अक्राणीच्या, म्हणजे धडगावच्या डोंगरात पाऊस बराचसा जोराच्या सरींनी पडतो. मक्याच्या ओळी रुंद अंतरावर असतात आणि पहिला महिना-सव्वा महिना त्या ओळींमधली माती उघडीच राहते. पेरणी उताराच्या दिशेने वरून खाली झालेली असेल, तर प्रत्येक ओळ पाण्याला आयती वाट देते. जून-जुलैमध्ये आपल्या शेताच्या खालच्या बांधाशी जाऊन पाहिल्यास तेथे बारीक, गडद मातीचा थर साचलेला दिसेल. तो थर आपल्याच शेताच्या वरच्या भागातून आलेला असतो आणि त्याच्यासोबत युरियाही वाहून गेलेला असतो. खत वाढवूनही मका वाढत नाही याचे मुख्य कारण हेच आहे. नवे नेवाड काढले तरी काही वर्षांनी त्याचीही हीच स्थिती होईल, आणि तोपर्यंत वरचे झाडांचे आच्छादन गेल्यामुळे खालच्या शेतावर येणारे पाणी आणखी जोरात येऊ लागेल. वडिलांशी बोलताना हा मुद्दा सर्वांत आधी मांडावा, असे मी सुचवेन.

एकाच शेतात अनेक पिके घेण्याची कल्पना आपल्या भागासाठी नवी नाही. पावरा आणि भिल्ल कुटुंबे एकाच शेतात ज्वारी, मका, तूर, उडीद, चवळी, भगर अशी पिके मिसळून घेत आली आहेत. जळगाव-धुळ्याकडे जी कळण्याची भाकरी आवडीने खाल्ली जाते, तिच्या पिठात ज्वारीबरोबर उडीद दळलेला असतो, कारण ही दोन्ही धान्ये एकाच शेतातून घरात येत होती. पुढे संकरित मका आला, २००२ नंतर बीटी कापूस पसरला, सोयाबीन वाढले आणि एका शेतात एकच पीक ही रीत रुळली. जुन्या मिश्रपिकात बियाणे एकत्र करून फोकले जाई किंवा पेरले जाई, त्यामुळे कोळपणी करणे अवघड जाई आणि एका पिकाची दुसऱ्यावर सावली पडे. आंतरपिकात ओळींचे प्रमाण ठरलेले असते. त्यामुळे प्रत्येक पिकाची निगा स्वतंत्रपणे घेता येते आणि हाच दोहोंतील महत्त्वाचा फरक आहे.

तृणधान्याबरोबर तूर चांगली का जमते, हे समजून घेतल्यास पुढचे निर्णय सोपे होतात. तूर पहिले पन्नास-साठ दिवस अतिशय सावकाश वाढते. त्या काळात ज्वारी किंवा मका झपाट्याने वाढून वरच्या थरातील ओलावा आणि अन्नद्रव्ये वापरतो. तृणधान्याची काढणी झाली की तुरीला मोकळी जागा आणि ऊन मिळते, आणि तिचे सोटमूळ खोल गेलेले असल्याने परतीच्या पावसानंतर खाली उरलेली ओल तिला पुरते. दोन्ही पिकांची गरज वेगवेगळ्या वेळी आणि वेगवेगळ्या खोलीवर असल्यामुळे त्यांच्यात स्पर्धा कमी राहते. ज्वारीच्या संगतीत तुरीवरील मर रोगाचे प्रमाण घटते असेही संशोधनात आढळलेले आहे. शिवाय तुरीची पाने गळून जमिनीवर पडतात आणि तिच्या मुळांवरील गाठींतील जिवाणू हवेतील नत्र स्थिर करतात. मात्र येथे एक सावधगिरीची सूचना देणे मला आवश्यक वाटते. या नत्राचा मोठा भाग डाळीच्या दाण्यात जातो आणि दाण्याबरोबर शेताबाहेर पडतो, म्हणून तूर घेतली की शेजारच्या मक्याला खत नको, असा अर्थ कोणी काढू नये. जमिनीला खरा लाभ होतो तो पानगळीचा, मुळांचा आणि पुढील हंगामात उरणाऱ्या थोड्या नत्राचा, आणि तो दोन-तीन वर्षांनी जाणवू लागतो.

आंतरपिकाने जमीन वाचते म्हणजे किती वाचते, हे मोजण्याचे एक सोपे माप आहे. त्याला जमीन समतुल्य गुणोत्तर म्हणतात. समजा, आपल्या एका एकरात केवळ मका घेतल्यास १० क्विंटल आणि केवळ तूर घेतल्यास ४ क्विंटल होते. दोन्ही एकत्र घेतल्यावर मका ८ आणि तूर २ क्विंटल झाली, तर मक्याचा वाटा ०.८ आणि तुरीचा ०.५, मिळून १.३ होतो. म्हणजे एका एकरातून जे मिळाले, ते वेगवेगळे पेरून मिळवायला सव्वा एकराहून थोडी अधिक जमीन लागली असती. आपल्या साडेतीन एकरांना हेच प्रमाण लावल्यास एक एकराहून जास्त जमिनीचे उत्पन्न नव्याने मिळते, आणि एवढ्याच जमिनीसाठी गावात झाडे पडत आहेत. पैशात पाहायचे तर २०२५-२६ च्या हमीभावाने मका २४०० आणि तूर ८००० रुपये क्विंटल होती. त्या भावाने केवळ मक्याचे एकरी २४,००० रुपये होतात, तर मका आणि तूर मिळून ३५,२०० होतात. गावात येणारा व्यापारी बहुधा हमीभावापेक्षा कमी देतो, हे लक्षात घेऊन यातून थोडी वजावट करावी. मी येथे उदाहरणादाखल आकडे घेतले आहेत, आपल्या शेताचे आकडे आपणच मांडावेत.

हे माप सर्वत्र सारखे लागू पडत नाही. तूर शेत पाच-सहा महिने अडवून ठेवते. तापीकाठच्या काळ्या जमिनीत, जेथे खरिपानंतर हरभरा किंवा दादर ज्वारी हमखास घेता येते, तेथे लांब मुदतीच्या तुरीमुळे रब्बीचे पीक हुकते आणि १.३ चा फायदा कागदावरच राहतो. तेथील शेतकऱ्याने कापसात मूग किंवा उडीद १:१ घ्यावा, कारण ही पिके ६५ ते ७५ दिवसांत निघतात आणि कापूस पसरण्याआधी जागा मोकळी करतात. रावेर-यावलच्या केळीत तर चुकीची संगत घातक ठरते. काकडीवर्गीय वेल, मिरची किंवा टोमॅटो केळीत घेतल्यास विषाणूजन्य मोझॅकचा आणि तो पसरवणाऱ्या माव्याचा धोका वाढतो. आपल्या कोरडवाहू उतारावर मात्र दिवाळीनंतर जमीन रिकामीच राहते, त्यामुळे तुरीने ती अडवल्यास आपले काहीच नुकसान नाही.

आता जळणाविषयी. आंतरपिकाच्या चर्चेत याचा उल्लेख क्वचितच होतो, पण जंगलाच्या दृष्टीने मला हाच मुद्दा सर्वांत महत्त्वाचा वाटतो. तुरीच्या दाण्याच्या साधारण दोन ते तीन पट वजनाच्या तुराट्या मिळतात. एकरी २ क्विंटल तूर झाली तर सुमारे ५ क्विंटल तुराट्या हाती येतात. एका कुटुंबाच्या चुलीला रोज पाचेक किलो जळण लागते असे धरल्यास एका एकराच्या तुराट्या शंभर दिवस पुरतात आणि साडेतीन एकरांच्या जवळजवळ वर्षभर. एवढ्या प्रमाणात डोक्यावरच्या मोळ्या कमी होतात आणि घरातील बाईचे चढणीवरचे फेरे वाचतात. सोयाबीनचे भुसकट किंवा मक्याचे बुरकुंडे इतके दिवस चूल चालवू शकत नाहीत. म्हणून कोणी तुरीऐवजी सोयाबीन सुचवल्यास त्यातून जळण किती मिळेल, हे विचारून पाहावे. तुराट्या मात्र पावसाळ्यापूर्वी छपराखाली उभ्या रचून ठेवाव्यात. बांधावर पडलेल्या तुराट्यांना वाळवी लागते.

चाऱ्याच्या बाबतीत मला ज्वारी मक्याहून सरस वाटते. पूर्ण वाळल्यावर कापलेल्या मक्याचा चारा गुरे नाखुशीने खातात, तर ज्वारीचा कडबा बैलांना उन्हाळ्यापर्यंत पुरतो आणि तुरीचे कुटार त्यात मिसळल्यास चाऱ्याचा कस वाढतो. आपल्याला मका सोडवत नसेल, तर तो पूर्ण सोडण्याची गरज नाही. माझा सल्ला असा आहे की, वरच्या, हलक्या आणि जास्त उताराच्या भागात ज्वारी आणि तूर घ्यावी, आणि खालच्या, माती भरलेल्या भागात मका आणि उडीद घ्यावा. उडीद महिना-सव्वा महिन्यात जमीन झाकतो आणि पावसाचे थेंब मातीवर थेट आदळू देत नाही.

ओळींचे प्रमाण ठरवताना पुस्तकातील आकड्यांबरोबर आपले अवजारही पाहावे. महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या शिफारशींत बाजरी आणि तूर २:१, सोयाबीन आणि तूर ३:१ अशी प्रमाणे आहेत. आपल्याकडे बैलाची तिफण (तीन फणांची पाभर) असेल तर २:१ हे प्रमाण सहज साधते. चाड्याचे (बी टाकायच्या वाटीचे) एक छिद्र बंद करायचे, त्या फणामागे सरता (बी सोडायची वेगळी नळी) बांधायचा आणि मागून चालणाऱ्याने मुठीने तूर सोडायची. येथे एक बारीक गोष्ट सांभाळावी लागते. सरता नेहमी मधल्या फणाला बांधावा. कडेच्या फणाला बांधल्यास तिफण वळून परत येताना तुरीच्या दोन ओळी शेजारी-शेजारी येतात आणि पुढे ज्वारीच्या चार ओळी सलग पडतात. मधल्या फणाला बांधल्यास जाताना आणि येताना दोन्ही वेळा ज्वारी, तूर, ज्वारी असा क्रम राहतो आणि तुरीच्या प्रत्येक दोन ओळींमध्ये ज्वारीच्या दोनच ओळी येतात. दोन फणांतील अंतर ४५ सेंटिमीटर असल्यास तुरीच्या ओळी १३५ सेंटिमीटरवर पडतात. सर्व पेरणी उताराला आडवी करावी, मग त्यासाठी बैल वारंवार वळवावे लागले तरी चालेल. शेताच्या मधोमध एक-दोन ठिकाणी मारवेल गवताचे आडवे पट्टे ठेवावेत. त्यात माती अडते आणि कापून चाराही मिळतो.

उताराच्या उथळ जमिनीत ओल लवकर संपते, म्हणून १८० दिवसांच्या वाणाऐवजी १४० ते १६० दिवसांत येणारे फुले राजेश्वरी किंवा बीडीएन ७११ यांसारखे वाण घ्यावेत. तुरीच्या बियाण्याला आधी ट्रायकोडर्मा आणि पेरणीपूर्वी रायझोबियम व स्फुरद विरघळवणारे जिवाणू संवर्धक चोळून ते सावलीत सुकवावे. फुलोऱ्यात घाटेअळीवर लक्ष ठेवावे. तुरीच्या ओळीत ज्वारीचे चार दाणे मिसळलेले असतील, तर त्या ताटांवर पक्षी येऊन बसतात आणि अळ्या टिपतात.

तणनाशकाविषयी स्वतंत्रपणे सांगितले पाहिजे. मक्यात अ‍ॅट्राझिन फवारण्याची सवय आता डोंगरातही पोहोचली आहे. अ‍ॅट्राझिन रुंद पानांची झाडे मारते, त्यामुळे ते फवारल्यास तूर आणि उडीद उगवताच जळतात. ‘आंतरपीक आमच्याकडे येतच नाही’ असे सांगणाऱ्या शेतकऱ्यांकडे चौकशी केली की बऱ्याचदा हेच कारण निघते. आंतरपिकात एक कोळपणी आणि एक निंदणी हाताने करावीच लागेल, आणि त्या मजुरीचा खर्च वरच्या हिशेबातून वजा करायला विसरू नये. घरची माणसे असताना हा भार पेलतो. मजूर लावावे लागत असल्यास पहिल्या वर्षी एका एकरापासूनच सुरुवात करावी.

इथपर्यंतच्या सर्व गोष्टी आपल्या हातातल्या आहेत. यापुढची एक गोष्ट मात्र एकट्याच्या हातात नाही, आणि आंतरपीक बहुतेक ठिकाणी तिच्यावरच अडते. ज्वारी-मका निघाल्यावर गावातील गुरे मोकळी सोडली जातात. दिवाळीनंतर अनेक कुटुंबे ऊसतोडीसाठी गुजरातकडे जातात आणि घरी म्हातारी माणसे आणि मुलेच उरतात. ज्या शिवारात सर्वांनी एकच पीक काढून जमीन रिकामी केली आहे, तेथे एका शेतकऱ्याची हिरवी तूर उभी राहिली तर सगळ्या गावाची गुरे तिच्याकडे वळतात. कितीही राखण केली तरी एखाद्या रात्रीत पीक जाते, आणि पुढच्या वर्षी तो शेतकरी पुन्हा मक्याकडे वळतो. म्हणून डिसेंबर-जानेवारीपर्यंत चराईबंदी हा आंतरपिकाचा भाग मानावा लागतो. एका वाडीतील दहा-बारा घरांनी सलग पट्ट्यात तूर घेतली तर राखण वाटून घेता येते आणि चराईबंदीही पाळली जाते.

जंगल राखण्यासाठीही नेमका असाच नियम लागतो. साक्री तालुक्यातील बारीपाड्याने १९९० च्या दशकाच्या सुरुवातीपासून चारशे हेक्टरांहून अधिक जंगल गावाच्या नियमांनी राखले आहे. तोडीवर बंदी घातली, ती मोडणाऱ्याकडून दंड घेतला आणि शेती-पाण्याची कामेही सोबतच केली. या कामात पुढे असलेले चैत्राम पवार यांना २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली. बारीपाड्याची जमीन आणि पाऊस आपल्यासारखा नाही, त्यामुळे तेथील पीक जसेच्या तसे उचलू नये. त्यांच्या अनुभवातून घेण्यासारखे आहे ते हे की, शेती सुधारणे आणि जंगल राखणे यांचे निर्णय एकाच बैठकीत झाले. केवळ उत्पन्न वाढले आणि नियम नसला, तर वाढलेल्या पैशातून ट्रॅक्टर लावून आणखी जंगल मोडले जाण्याचीही शक्यता असते. आंतरपिकाचा प्रचार करणाऱ्यांनी ही बाजू लपवू नये, असे मला मनापासून वाटते.

कायद्याची बाजूही वडिलांना समजावून सांगावी. वनहक्क कायदा २००६ चा आहे. १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून कसत असलेल्या जमिनीवरच वैयक्तिक हक्क मान्य होतो आणि तोही जास्तीत जास्त ४ हेक्टरांपर्यंत. आज नव्याने तोडलेल्या जमिनीचा पट्टा मिळणार नाही. त्या जमिनीवर पीककर्ज, पीकविमा किंवा फळबागेचे अनुदान मिळणार नाही, आणि ती जमीन कोणत्याही वर्षी हातातून जाऊ शकते. याउलट त्याच कायद्याखाली गावाला सामूहिक वनहक्क मिळू शकतो आणि मोहाची फुले, चारोळी, तेंदूपाने यांवर ग्रामसभेचा अधिकार चालतो. उभे जंगल हे अशा तऱ्हेने घरच्या उत्पन्नात भर घालू शकते.

दूरचा विचार करायचा असेल तर बांधावर आणि वरच्या कडेला आंबा लावावा. अक्राणीतील आमचूर सर्वांना परिचित आहे, त्यामुळे खाण्याच्या दर्जाचे फळ आले नाही तरी विक्रीची सोय होते. रोजगार हमी योजनेतून फळबाग लागवडीसाठी मदत मिळत आली आहे. शेतातच १० बाय १० मीटरवर कलमे लावल्यास पहिली पाच-सहा वर्षे त्यांच्यामधल्या जागेत उडीद, भगर, भुईमूग चालूच राहतो. सावली वाढू लागली की तूर बंद करावी. शेतात उभे असलेले जुने मोहाचे झाड मात्र पिकाला सावली होते म्हणून कधीही तोडू नये, कारण त्याचे उत्पन्न त्याच्या सावलीने होणाऱ्या नुकसानीपेक्षा जास्त असते.

यंदाच्या हंगामासाठी क्रम असा ठेवावा. उन्हाळ्यात आडव्या बांधांची डागडुजी करावी आणि मातीपरीक्षणासाठी नमुना द्यावा. आंतरपिकाची पेरणी एक ते दीड एकरावरच करावी आणि उरलेल्या जमिनीत नेहमीचा मका ठेवावा, म्हणजे दोन्हींची तुलना घरच्यांना स्वतःच्या डोळ्यांनी करता येईल. धान्याबरोबर तुराट्या आणि कडब्याचेही वजन लिहून ठेवावे. चराईबंदीचा विषय १ मेच्या ग्रामसभेत मांडावा आणि ठराव लेखी घ्यावा. हा विषय १५ ऑगस्टच्या सभेपर्यंत लांबल्यास तूर आधीच पेरलेली असेल आणि तिची राखण कोण करणार हे मात्र ठरलेले नसेल.